भीड भिकेची बहीण

२४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो, कारण १९८६ साली त्याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गेल्या वर्षी त्या दिवशी मी रोह्याहून मेमू धरून पेणला एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते अभ्यासू, वयाने मोठे, पंचक्रोशीत मान असलेले. मीही त्यांना मानतो, म्हणून नाव घेत नाही. ग्राहकाच्या हक्कांबद्दल चार गोष्टी कानावर पडतील अशा आशेने गेलो, आणि तासभर ऐकलं ते ग्राहकाच्या हातातलं नवं साधन मोडून टाकण्याचं आवाहन.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ठिकठिकाणचे रिव्ह्यू गोळा करून दाखवणारी संकेतस्थळं म्हणजे भाडोत्री टाळ्यांचा बाजार. दहा जागची खोटी मतं एकत्र केली म्हणून त्यांची सरासरी खरी होत नाही. दिल्लीतल्या माणसाला रोह्याची हवा काय ठाऊक? वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आणि शेवटी, ज्यावर सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला ते वाक्य : पेण-रोह्यासारख्या गावात तीन पिढ्यांच्या ओळखीचा दुकानदार असताना परक्यांच्या मतावर विसंबणं हा कृतघ्नपणा आहे.

त्या टाळ्या भाडोत्री नव्हत्या. मनापासून होत्या. म्हणूनच हा लेख लिहावा लागतो आहे.

हात लावून पाहण्याचा मुद्दा आधी निकालात काढू. नारळ वाजवून घेता येतो, भेंडीचं टोक मोडून बघता येतं. मिक्सरची मोटर तिसऱ्या वर्षी जळेल की नाही, हे काउंटरवर कोणाच्या बोटांना कळतं? दुकानदाराच्याही नाही.

कृतघ्नतेबद्दल एकच वाक्य पुरे. दुकानदाराने माल दिला, आपण पैसे दिले. कृतज्ञतेचा हिशेब तिथेच चुकता झाला.

आता ओळखीकडे वळतो. माझा खरा वाद तिच्याशी आहे.

१९९६ साली माझ्या वडिलांनी घरातला पहिला फ्रीज घेतला. दुकान रोह्यातलंच, ओळखीचं. दुकानदार आमच्या घरी चहाला येणारा, वडिलांना ‘भाऊ’ म्हणणारा. वडिलांच्या मनात दुसऱ्या कंपनीचा फ्रीज होता. दुकानदार म्हणाला, “भाऊ, तो नको. हा घ्या. माझ्या घरी हाच आहे.” एवढं ऐकल्यावर वडिलांनी पुढे प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर तो अविश्वास ठरला असता. तिसऱ्या वर्षी, गौरी घरात येण्याच्या आदल्या दिवशी, कंप्रेसर बसला. आईने नैवेद्यासाठी आणून ठेवलेलं दूध नासलं. कंपनीचं सेवा केंद्र पनवेलला, तिथला फोन कुणी उचलेना. शेवटी गावातला दुरुस्तीवाला आला, मागची जाळी काढली आणि सहज बोलून गेला, “तुमच्या आळीतला हा चौथा. या मॉडेलला हाच रोग आहे.”

चौथा! आमच्या आधी तीन घरांत तोच फ्रीज तसाच बंद पडला होता. तिन्ही घरांशी आमचं येणं-जाणं होतं. हळदीकुंकू, बारशी, तेरावं, सगळं एकत्र. पण एकाही घराने फ्रीजबद्दल तोंड उघडलं नाही. का? वडिलांनी नंतर एकाला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “काय सांगायचं? तो आपलाच माणूस. त्याच्या कानावर गेलं तर काय वाटेल?” आणि वडिलांनी काय केलं? त्यांनीही कुणाला सांगितलं नाही. दुकानदाराचा मुलगा माझ्याच वर्गात होता. धावीर महाराजांच्या पालखीबरोबर वडील आणि दुकानदार खांद्याला खांदा लावून चालायचे. शिवाय दुकानाच्या वहीत आमची थोडी उधारी होती. आमच्यानंतर आळीत तो फ्रीज आणखी कितीजणांनी घेतला, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

आपल्याकडे एक म्हण आहे : भीड भिकेची बहीण. पिढ्यान्‌पिढ्या ती आपण मुलांना शिकवतो आणि बाजारात गेल्यावर विसरतो. आमच्या आळीला त्या फ्रीजपायी दारिद्र्य आलं नाही, पण दर घरामागे एका फ्रीजचे पैसे मात्र भिडेपायी गेले. ओळखीच्या गावात तक्रार ही तक्रार राहत नाही, तिचं भांडण होतं. ‘वस्तू वाईट निघाली’ या वाक्याचा अर्थ ‘तुम्ही वाईट निघालात’ असा लावला जातो. म्हणून वाक्य तोंडातच राहतं. ओळखीचं तोंड बांधलेलं असतं, परक्याचं मोकळं असतं. वक्त्यांना ज्या ओळखीचा एवढा अभिमान आहे, तिची ही दुसरी बाजू त्यांच्या तासाभराच्या भाषणात एकदाही आली नाही.

मी त्या दुकानदाराला लबाड म्हणत नाही. त्याच्या घरी खरोखर तोच फ्रीज होता. पण त्याच्यावर काय काय ओझं असतं ते पाहा. कंपनी त्याला सणाच्या हंगामाचं टार्गेट देते. टार्गेट पूर्ण झालं तर जादा कमिशन, कधी सहल, कधी सोन्याचं नाणं. गोदामात गेल्या वर्षीचा माल अडकलेला असतो, त्यावर कर्जाचं व्याज चढत असतं. एका वस्तूवर सुटणारे पैसे दुसरीवर सुटत नाहीत. हे सगळं डोक्यात ठेवून तो ‘भाऊ, हा घ्या’ म्हणतो. त्याचा सल्ला म्हणजेही एक रिव्ह्यूच आहे : एका माणसाचा, हितसंबंध असलेल्या माणसाचा, आणि ज्याच्याखाली दुसऱ्या कुणाला काही लिहायची सोय नाही असा. संकेतस्थळावरचे हजार अभिप्राय संशयास्पद, पण हा एकुलता एक अभिप्राय वेदवाक्य! हे कुठलं तर्कशास्त्र?

त्या दुरुस्तीवाल्याला मी अजून विसरलेलो नाही. अख्ख्या रोह्यातला कुठला फ्रीज, कुठला पंप, कुठला मिक्सर कधी आणि कशाने बंद पडतो, याचा हिशेब त्याच्या डोक्यात होता. वेगवेगळ्या घरांचा अनुभव एका जागी जमा झालेला. फक्त वस्तू घेण्याआधी तो हिशेब कुणी मागितला नव्हता; त्याला बोलावलं जायचं ते बिघडल्यावर. सगळीकडचे रिव्ह्यू एकत्र मांडणारं संकेतस्थळ याहून वेगळं काही करत नाही. दुरुस्तीवाल्याच्या डोक्यातली वही ते खरेदीच्या आधी उघडून दाखवतं.

हा वाद नवा नाही. मी लहान असताना पुड्यावर छापील किंमत येऊ लागली तेव्हाही हेच ऐकलं होतं. घासाघीस हीच आपली रीत, छापील आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि माणसावर नाही, हा कसला व्यवहार, असं पेढीवर बसलेले लोक चिडून विचारायचे. त्याआधी शिक्का मारलेल्या वजनमापांबद्दलही असंच म्हटलं गेलं असणार. दर वेळी माणुसकीची ढाल पुढे केली जाते, आणि दर वेळी तिच्यामागे तराजू असतो. आज छापील किंमत नसलेलं बिस्किट वक्ते स्वतः तरी घेतील का?

आणि अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये, हे रोह्याच्या लोकांना कुणी सांगावं? रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. १९४३ साली ते गव्हर्नर झाले आणि त्यांच्या सहीच्या नोटा देशभर फिरल्या. पंजाबातल्या शेतकऱ्याने की मद्रासच्या विणकराने, कुणी त्यांना पाहिलं होतं? लोकांनी विश्वास ठेवला तो ओळखीवर नव्हे. त्या सहीमागे एक पद्धत होती आणि ती पद्धत तपासता येत होती. मोठ्या समाजाचा व्यवहार असाच चालतो.

पेणबद्दल तर काय बोलावं! हमरापूर आणि जोहे परिसरातल्या कारखान्यांमधून गणेशमूर्ती मुंबई-पुण्याला जातात, परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर चतुर्थीच्या कित्येक महिने आधी जहाजावर चढतात. मुंबईत नाक्यानाक्यावर ‘पेणच्या मूर्ती मिळतील’ असे फलक लागतात. तो फलक वाचून थांबणाऱ्या गिऱ्हाइकाची पेणच्या मूर्तिकाराशी तीन पिढ्यांची ओळख असते काय? त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं की पेणच्या मूर्तीची आखणी रेखीव असते, डोळे जिवंत असतात. ते सांगणाऱ्याने आणखी कुणाकडून ऐकलेलं असतं. हजारो अनोळखी घरांचा अनुभव वर्षानुवर्षं साठत गेला आणि त्याचं एक नाव झालं. पेणचे पोहे, पेणचे पापड, त्यांचंही तेच. परक्यांच्या गोळा झालेल्या मतांवर ज्या गावाचा संसार उभा आहे, त्या गावात उभं राहून परक्यांच्या मतांना तुच्छ लेखणं मला सहन झालं नाही. आणि हेही सांगतो : कुठलीही मूर्ती ‘पेणची’ म्हणून खपवणारे विक्रेते आहेतच. पण खोट्या फलकांमुळे खऱ्या पेणचं नाव टाकून द्या, असं कुणी म्हणत नाही. खोटं ओळखायला शिका, असंच म्हणतो.

खोट्या रिव्ह्यूंचा आक्षेप याच मापाने मोजला पाहिजे. आक्षेप खरा आहे. पार्सलमध्ये ‘पाच स्टार द्या, पैसे परत मिळवा’ असं कार्ड निघतं, ते मी स्वतः हातात धरलं आहे. जुन्या मॉडेलचे अभिप्राय नव्या मॉडेलखाली चिकटवले जातात. एकच अभिप्राय तीन दुकानांत टाकलेला असतो आणि एकत्र करणारं संकेतस्थळ तो तीनदा मोजतं. यातली बरीच संकेतस्थळं त्यांच्या दुव्यावरून खरेदी झाली की कमिशन घेतात. हे सगळं मान्य. पण ‘यावर कायदा नाही’ हे वक्त्यांचं विधान चुकीचं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहकाचा मुखवटा घालून अभिप्राय लिहिणं निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यासाठी आयएस १९००० हे मानक काढलं. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांची खरेदी-विक्री बंद करणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. आपलं मानक काढताना ते ऐच्छिक ठेवलं, ही त्यातली उणीव. व्याख्यानातला तास ते सक्तीचं करा या मागणीसाठी वापरला असता, तर मी पहिल्या रांगेत उभा राहून टाळ्या दिल्या असत्या. भेसळ सापडली म्हणून दूध पिणं बंद करायचं नसतं, दूध तपासायचं असतं.

सरासरी फसवते, हेही अर्धंच खरं. कुठला आकडा काय सांगतो हे न समजता वाचलं तर फसवते. चित्रपटांच्या बाबतीत पाहा. १९९८ साली सुरू झालेलं रॉटन टोमॅटोज किती टक्के समीक्षकांना चित्रपट आवडला ते सांगतं; २००१ चं मेटाक्रिटिक गुणांची भारित सरासरी काढतं. सगळ्यांनी दहापैकी सहाच गुण दिले तरी पहिल्या ठिकाणी शंभर टक्के दिसू शकतात आणि दुसऱ्या ठिकाणी साठच्या आसपास. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. शाळेतल्या गणिताएवढी ही गोष्ट. ती शिकवायची सोडून पाटीच फोडा म्हणणं हे शिक्षकाचं काम नाही.

आणि ही काही परदेशी फॅशन नाही. अमेरिकेत ग्राहकांनी स्वतःची संघटना काढून १९३६ पासून वस्तू बाजारातून विकत घेऊन तपासायला सुरुवात केली, हे खरं. पण आपल्याकडेही १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी राहिली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून एकत्र खरेदी करायची, हे त्या चळवळीने मराठी घरांना शिकवलं. एकट्याने फसण्यापेक्षा एकत्र येऊन शहाणं व्हावं, हा त्यामागचा विचार आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्या समाजाला तो कोणी बाहेरून आणून द्यायची गरज नव्हती.

राहिला दिल्लीकराचा आणि रोह्याच्या हवेचा मुद्दा. वक्त्यांच्या भाषणातला हा एकच मुद्दा मला वजनदार वाटला. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते. लोखंडाला गंज चढतो, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सर्किटवर ओल बसते, वीज खेळ करत असते. कोरड्या हवेतल्या माणसाचे पाच स्टार इथे चालतीलच असं नाही. पण यावर उपाय काय? मंगळुरूचा, गोव्याचा, कोचीचा माणूस काय लिहितो ते बघणं. त्यांचा पाऊस आपल्यासारखाच. तो शोध घ्यायला सगळीकडचे अभिप्राय एका जागी लागतात, आणि ते रोह्याच्या दुकानात नसतात. वक्त्यांचा सर्वांत चांगला मुद्दा शेवटी माझ्याच बाजूने साक्ष देतो.

आता कुणी विचारेल, मग तुमचं म्हणणं तरी काय? ते थोडंच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्हाला पाणी शुद्ध करायचं यंत्र घ्यायचं होतं. दुकानात विचारलं, उत्तर आलं : आरओच घ्या, आता सगळे तेच घेतात. घरी येऊन मी वेगवेगळ्या ठिकाणचे अभिप्राय एकत्र वाचले. पाच स्टारवाले सोडून दिले, दोन-तीन स्टारवाले वाचले. त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : पाण्यात क्षार मुळातच कमी, आरओची गरज नव्हती, निम्म्याहून जास्त पाणी मोरीत जातं. मी टीडीएस मोजायचं छोटं मीटर मागवलं. आमच्या नळाच्या पाण्याचा आकडा नव्वदच्या घरात आला. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तरी चालतात. आम्ही जंतू मारणारं साधं यूव्ही यंत्र घेतलं. पैसे वाचलेच, पाणीही वाचलं. पेणच्या खारेपाटात राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे हाच निर्णय चुकला असता. तिच्याकडच्या बोअरच्या पाण्याला आरओशिवाय पर्याय नाही. संकेतस्थळाने मला काय घ्यायचं ते सांगितलं नाही, काय मोजायचं ते सांगितलं. त्याच्याकडून माझी अपेक्षाही तेवढीच आहे.

म्हणून माझी रीत अशी. नुसता आकडा बघायचा नाही, किती जणांनी दिला तेही बघायचं. चाळीस जणांच्या ४.५ पेक्षा सहा हजारांचे ४.२ मला जवळचे. मधल्या स्टारचे अभिप्राय आधी वाचायचे, कारण चिडलेला आणि खूश झालेला दोघेही घाईत असतात. एकच दोष वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला तर तो खरा धरायचा. पहिल्या आठवड्यात लिहिलेलं बाजूला ठेवायचं, वर्षभर वापरून लिहिलेलं शोधायचं. आणि मग खुशाल गावातल्याच दुकानात जायचं. मी आजही रोह्यातच खरेदी करतो. फक्त आता दुकानदाराला मॉडेलचं नाव मी सांगतो, आणि जवळचं सेवा केंद्र कुठे आहे ते विचारतो. भाव एकदा ठरला की चहा पूर्वीसारखाच होतो. ओळख तुटली नाही. तिच्यावर टाकलेलं नसतं ओझं उतरलं.

वाचकांकडे एकच मागणं आहे. या सगळ्या अभिप्रायांत आपला आवाज नाही. दिल्ली, बंगळूर, हैदराबाद बोलतात. पेण, रोहा, नागोठणे, कोलाड गप्प आहेत. तुम्ही पंप, पंखा, इन्व्हर्टर, जे काही घ्याल, त्यावर एक पावसाळा जाऊ द्या. मग मराठीत चार ओळी लिहा : गावाचं नाव, घेतल्याची तारीख, काय टिकलं, काय बिघडलं. चांगलं असेल तर चांगलं लिहा, वाईट असेल तर तेही लिहा. आमच्या आळीतल्या तीन घरांनी १९९६ पूर्वी एवढंच केलं असतं, तर चौथ्या घराचा फ्रीज तो नसता.